मित्रबुरशी

काकूंच्या रोपवाटिकेत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. माझ्या हातातलं यंत्र बघून विचारलं, "हे काय मोजतं?"

"हवेतला दमटपणा."

"त्याला यंत्र कशाला हवं? माझे केस बघ ना." खरोखरच त्यांच्या कपाळावरच्या बटा कुरळ्या झाल्या होत्या. "कुरळे झाले की फवारे बंद करायचे, सरळ झाले की सुरू. कधी चूक नाही झाली."

तरी मी यंत्र बसवेपर्यंत त्या शिडीपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला प्रश्न विचारून विचारून घामाघूम केलं. आत काय असतं? त्याला दमट कळतं कसं? ते खोटं बोलतं का? शेवटच्या प्रश्नावर मी अडखळलो. म्हणालो, "धूळ बसली की बोलतं."

"मग माणसासारखंच आहे," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मी त्यांचा 'मीटरवाला' झालो.

जाळीच्या छताखाली लांबच लांब टेबलं, टेबलांवर काळे ट्रे, ट्रेच्या प्रत्येक खळग्यात एक रोप. आसपासच्या मळेवाल्यांची टोमॅटोपासून झेंडूपर्यंत सगळी रोपं इथूनच जायची. काकू ट्रेंच्या मधून चालायच्या आणि चालता चालता तर्जनी पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसायच्या. मग बोट नाकाशी न्यायच्या. पाणी हवं, नको, मुळं सुटली, सडली, सगळं त्यांना त्या एका पेरात कळायचं. दुसऱ्या कुणी मातीत बोट घातलेलं मात्र त्यांना खपत नसे. एखादा उतावळा मळेवाला कोंब आलाय का बघायला माती उकरू लागला, की त्या लांबूनच ओरडायच्या, "अहो, बी उकरून बघणाऱ्याचं कधी उगवत नाही! हात मागे घ्या."

त्यांच्या ॲप्रनच्या खिशात कायम एक छोटी डबी असायची. लोक डोकेदुखीची गोळी जवळ बाळगतात तशी. डबीत राखाडी-हिरवी पूड. मी विचारलं तर म्हणाल्या, "मित्रबुरशी. कोवळ्या रोपांची मान सडवणारी एक वाईट बुरशी असते मातीत. ही तिला खाऊन टाकते. काट्याने काटा." मातीच्या प्रत्येक मिश्रणात ही पूड पडायचीच, शिवाय एखादं रोप मलूल दिसलं की वरून एक चिमूट. त्यांच्या नखांच्या कडा त्यामुळे कायम हिरवट असायच्या.

त्यांची एकुलती एक मुलगी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. तिला सगळे पोपटी म्हणायचे. नुकत्या फुटलेल्या पानाच्या रंगावरून आईने ठेवलेलं ते लाडाचं नाव, पण बडबडीमुळे ते तिला जास्तच शोभायचं. प्रश्न विचारायची सवय तिने आईकडूनच उचलली होती. मायलेकी समोरासमोर बसून रोपं वेगळी करायच्या आणि त्यांचं बोलणं म्हणजे नुसती प्रश्नांची फेकाफेक. सूर्यफूल रात्री कुठे बघतं? मुळांना खाली कुठे आहे ते कसं कळतं? उत्तर नसेल तर त्या प्रयोग करायच्या. एकदा त्यांनी एक कुंडी छताला उलटी टांगलेली मी पाहिली आहे.

फक्त एका प्रश्नाला काकूंनी उत्तर दिलं नाही.

गावाबाहेर एक जुना, बंद पडलेला रेल्वेचा बोगदा आहे. तो एका माणसाने भाड्याने घेतला आणि आत मशरूम लावली. पीक निघून गेल्यावर उरलेलं खत कुजवून मळ्यांना उपयोगी पडतं, म्हणून ते आणायला काकूंचे यजमान टेम्पो घेऊन जायचे. एकदा पोपटी हौसेने बरोबर गेली. परत आली ती डोळे मोठे करूनच. "आई, तिथे उन्हाची तिरीपसुद्धा नाही. आणि काय उगवतं गं! कसं उगवत असेल?"

"अंधारात काय उगवणार? बुरसटलेल्या गोष्टी," काकू म्हणाल्या. "ते ट्रे धुऊन घे."

पोपटीने ट्रे धुतले. त्यानंतर बोगद्याबद्दल तिने आईला काही विचारलं नाही. टेम्पोतून मात्र ती दर खेपेला जाऊ लागली.

आणि एके दिवशी ती परत आली नाही. काकूंनी बसथांबा पालथा घातला, मैत्रिणींची घरं पालथी घातली, फुलांच्या दुकानात मोबाइलवरचा फोटो दाखवत फिरल्या. शेवटी समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी हाक मारली. हे आजोबा सकाळपासून उन्हं कलेपर्यंत गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्यावरचं एक मांजरही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

"कुणाला शोधताय? पोरीला? ती सकाळीच गेली की, बॅग घेऊन. तुमच्याच टेम्पोतून."

"आमच्या टेम्पोतून? कुणाबरोबर?"

"आता टेम्पो तुमचे हेच चालवतात ना?" आजोबा म्हणाले, आणि आपण भलतंच बोलून बसलो हे कळून त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

काका संध्याकाळी खाली मान घालूनच घरात शिरले. पोपटीने बोगदेवाल्याशी सह्या करून लग्न केलं होतं आणि साक्षीदाराची एक सही काकांची होती. पुढचं मला काकांनीच सांगितलं.

"तुम्हाला माहीत होतं?" काकूंनी विचारलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

"आणि मी नाही म्हटल्यावर ती थांबली असती?"

"नाही."

"मग मला सांगायला काय धाड भरली होती तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी ॲप्रन खुंटीला अडकवला आणि जाहीर केलं, "माझी पोर परत येईपर्यंत या हातांनी एक बी पेरणार नाही."

लोकांना वाटलं, चार दिवसांचा राग. पण पेरणीचा हंगाम तोंडावर आला तरी ट्रे उपडेच. मळेवाले यायचे, रिकामी टेबलं बघून परत जायचे. फवारे बंद, जाळीवर धूळ. माझं यंत्र दर तासाला इमानेइतबारे कोरड्या हवेचा आकडा पाठवत होतं. मी देखभालीला गेलो तेव्हा काकू रिकाम्या टेबलाशी बसल्या होत्या. केस अगदी सरळ.

"काकू, मी काल बोगद्यात गेलो होतो," मी म्हणालो. त्यांना आज ना उद्या कळणारच होतं. "तिथली यंत्रंही मीच बघतो."

त्यांनी टेबलावरची धूळ तळहाताने पुसली. मग म्हणाल्या, "काय खाते ती?"

"तुम्ही फोन करून विचारा ना."

"फोनवर मी रडेन नाहीतर ओरडेन. तू विचारून ये."

असा मी दोघींच्या मधला निरोप्या झालो. पण निरोप म्हणजे 'घरी ये', 'माफ कर' असं काही नसायचं. नुसते प्रश्न. जेवते का? अंधारात डोळे बिघडत नाहीत का? सर्दी झाली का? तो माणूस बोलतो तरी का?

बोगदेवाला फारसा बोलत नसे हे खरं. उंच, किंचित वाकून चालणारा, बोगद्यात डोकं आपटायची भीती नसतानाही वाकणारा माणूस. पहिल्या भेटीत त्याने मला फक्त एवढंच सांगितलं होतं, "बाहेरची माती आत आणायची नाही." तोंडाशी एक छोटी खोली होती. तिथे कपडे बदलायचे, पांढरा कोट चढवायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे, बूट औषधाच्या पाण्यात बुडवायचे. मग दार, पुन्हा दार, आणि मग तो गार, ओला अंधार. दोन्ही बाजूंना मांडण्यांवर खताच्या पिशव्या, आणि पोपटीच्या कपाळावरचा दिवा जिकडे वळेल तिकडे अंधारातून वर येणारी पांढरी डोकी.

आईचे प्रश्न ऐकून पोपटी आधी हसली, मग तिने नाक पुसलं. "तिला सांग, जेवते. सर्दी नाही, हे असंच. आणि तो बोलतो. हळू बोलतो एवढंच. माझं बोलणं संपेपर्यंत थांबणारा पहिलाच माणूस भेटला मला."

हे मी जसंच्या तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "तिचं बोलणं संपतं कधी? बिचारा."

खेपा वाढल्या तसे प्रश्न बदलत गेले. ऊन नाही तर ती मशरूम खातात काय? बी कुठे असतं त्यांचं? शेवटी पोपटीने एक काचेची बाटली पाठवली. आत गव्हाचे दाणे आणि दाण्यांभोवती पांढऱ्या तंतूंचं जाळं. हेच मशरूमचं बी, मी समजावलं. गहू उकडून निर्जंतुक करायचा आणि त्यावर ही बुरशी वाढवायची.

"गहू काय करायचा?"

"उकडायचा."

"पेरायचा गहू उकडला माझ्या पोरीने?" काकूंनी कपाळाला हात लावला. जन्मभर एकेक दाणा रुजवणाऱ्या बाईपुढे बी उकडणं म्हणजे काय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण बाटली त्यांनी परत दिली नाही. पुढच्या वेळी गेलो तर ती टेबलावर होती आणि काकू भिंगातून बघत होत्या.

"मीटरवाल्या, हे जाळं कालपेक्षा पुढे सरकलंय. या दाण्यावरून त्या दाण्यावर गेलंय बघ. आता तो कोपऱ्यातला दाणा. तिथे कधी पोचेल?"

"पोपटीला विचारतो."

"नको," त्या म्हणाल्या. "मीच येते."

निघताना त्यांनी एक गोष्ट केली. शपथ मोडून एका कुंडीत झेंडूचं रोप लावलं. लेकीच्या दारात रिकाम्या हाताने कसं जायचं? मातीत नेहमीप्रमाणे पूड पडली.

गाडीत मी त्यांना ग्रीक लोकांची एक जुनी गोष्ट सांगितली. कॉलेजातल्या एका मित्राकडून ऐकलेली. पिकांची एक देवी असते. पाताळाचा राजा तिच्या मुलीला पळवून नेतो. बापाची त्याला आतून संमती असते.

"बघ," काकू म्हणाल्या. "बाप तिथेही तसाच."

देवी दुःखाने सगळी पिकं थांबवते. जग उपाशी मरायला लागतं, तेव्हा मुलीला परत पाठवायचं ठरतं. पण मुलीने पाताळात डाळिंबाचे चार दाणे खाल्लेले असतात, आणि तिथलं खाल्लं की तिथलं व्हावं लागतं. म्हणून ती वर्षातला काही काळ वर आणि काही काळ खाली.

काकू विचारात पडल्या. "तिने दाणे का खाल्ले?"

"म्हणजे?"

"भूक लागली म्हणून, का चव बघावीशी वाटली म्हणून? दोन्हींत फरक आहे."

"ते गोष्टीत नाही."

"म्हणजे पोरीला कुणी विचारलंच नाही. अर्धवट गोष्टी सांगतोस."

बोगद्याच्या तोंडाशी पोपटी उभी होती. मग काकूंनी तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "पांढरी पडलीस गं. मशरूमसारखी." पोपटी एकदम हसायला लागली, काकूही, आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी. कुंडी बाहेरच राहिली. काकूंनी कोट चढवला, हात धुतले, बूट बुडवले, तक्रार न करता.

आत गेल्यावर त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. हवा कुठून येते? ही पांढरी डोकी आधी टाचणीएवढी असतात का? बोगदेवाला हळू आवाजात उत्तरं देत पुढे चालला होता आणि पोपटी मध्ये मध्ये त्याला दुरुस्त करत होती. काकू जरा मागे रेंगाळत होत्या. पडदे लावून बोगद्याची दालनं केली होती; त्यातल्या शेवटच्या दालनात काही पिशव्या उशिरा भरलेल्या होत्या. त्यांवर अजून काहीच दिसत नव्हतं.

तिथे काकूंनी काय केलं ते आम्ही कुणीच पाहिलं नाही.

काही दिवसांनी पोपटीचा मला फोन आला. "आत्ता ये. आकडे बघू नकोस, स्वतः ये." शेवटच्या दालनात पिशव्यांवर हिरवे डाग पसरले होते. बोगदेवाला एकेक पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर नेत होता, पूड उडू नये म्हणून श्वास रोखून. त्या दालनाचं पीक गेलं होतं, शेजारच्या दालनाचाही भरवसा नव्हता. पोपटी डागांवर उजेड धरून उभी होती.

"हा रंग मी ओळखते," ती म्हणाली. "लहानपणापासून आईच्या नखांत बघितलाय."

मग तिने कपडे बदलले आणि माझ्या गाडीत येऊन बसली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच घरी निघाली होती.

काकू अंगणात होत्या. लेकीला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"आई, शेवटच्या दालनात तू काय टाकलंस?"

"काही नाही. एक चिमूट. त्या पिशव्या मलूल दिसत होत्या, म्हटलं लेकीचं पीक आहे..."

"सांगितलं होतं ना, बाहेरची माती आत न्यायची नाही?"

"माती कुठे नेली? औषध नेलं. डबी कोटाच्या खिशात ठेवली होती."

"आई, तुझी मित्रबुरशी बुरशीच खाते ना? मग मशरूम कोण आहे?"

काकूंचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मी त्यांना पहिल्यांदाच असं बघत होतो: उत्तर समोर होतं आणि प्रश्न विचारायचाच राहून गेला होता. त्या खाली बसल्या. खिशातली डबी काढून लेकीच्या पायाशी ठेवली.

"मी ही सोडते," त्या म्हणाल्या. "आजपासून बंद. म्हणजे तुला रोज येता-जाता येईल. सकाळी तिकडे, संध्याकाळी इकडे."

"आणि रोपं माना टाकतील त्याचं काय?"

"टाकू देत."

"तू टाकू देशील?"

पोपटीने डबी उचलली, आईच्या ॲप्रनच्या खिशात परत ठेवली आणि उपड्या ट्रेंकडे बघून म्हणाली, "बोगदा धुऊन, वाफ देऊन, पुन्हा भरायला वेळ लागणार आहे. तोवर मला तिकडे काम नाही. बी कुठे ठेवलंस?"

तेवढ्यात काका टेम्पोतून उतरले. समोर मायलेकी ट्रे भरत बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे भुवया उंचावून बघितलं. मी मान हलवली. काका शहाणे झाले होते. काही न बोलता पाण्याची बादली घेऊन आले.

हंगामभर पोपटी घरीच राहिली. बोगदेवाला अधूनमधून यायचा. जाळीच्या बाहेर उभा राहायचा, आत पाऊल टाकायचा नाही, उन्हात डोळे किलकिले करायचा. एकदा काकू त्याच्यासाठी खुर्ची आणि टोपी घेऊन बाहेर गेल्या. "बसा जावईबापू," त्या म्हणाल्या. "उन्हाची सवय नाही तुम्हाला. आणि हे सांगा, त्या पिशव्या तुम्ही का नाही उघडून बघितल्या आधी? हिरवं दिसलं असतं तर वेळेत कळलं असतं ना."

"उघडून बघितलं की उगवत नाही," तो म्हणाला.

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. "हे तुम्हाला पोपटीने शिकवलं?"

"नाही. का?"

"काही नाही. सरबत आणते."

पुढचं पोपटीनेच ठरवलं. पेरणीचे महिने वर. थंडी पडू लागली, रोपवाटिकेत काम उरलं नाही, की नखं कापायची, कपडे बदलायचे आणि खाली, बोगद्यात. मधेच येणं-जाणं नाही, कारण दोन्हीकडची माती एका हाताला चालत नाही. बोगदेवाल्याला विचारलं तर म्हणाला, "चालेल. अंधाराला कसली घाई?" काकूंना कुणी विचारलं नाही. त्या स्वतःच म्हणाल्या, "त्या गोष्टीतल्यासारखंच झालं की रे, मीटरवाल्या."

"हो. पण डाळिंब नव्हतं."

"मला कुणी दाणे खायला घातले नाहीत," पोपटी रोपं वेगळी करता करता म्हणाली. गोष्ट तिला आईने सांगितली असणार. "मीच मागून घेतले. चव बघायला."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "ऐक. हे गोष्टीत घाल."

थंडी आली आणि पोपटी खाली गेली. मी बिचकत बिचकत देखभालीला गेलो. ट्रे उपडेच होते, पण धुऊन, पुसून, रांगेत. काकूंनी मला बघताच मोबाइल पुढे केला. पोपटीने निघण्याआधी माझ्याकडून बोगद्यातल्या यंत्राचे आकडे त्यांच्या फोनवर सुरू करून घेतले होते.

"हे काय आहे?" त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. रेघ रात्रभर चढत जात होती आणि सकाळी एकदम खाली उतरत होती.

"मशरूम आपल्यासारखीच श्वास सोडतात. रात्रभर दार बंद असतं, त्यांनी सोडलेला वायू आत साचतो, तिथलं यंत्र तोही मोजतं. सकाळी कुणी दार उघडून पंखा लावला, की हवा खेळते आणि आकडा पडतो."

"म्हणजे ती माझ्या रोपांच्या उलट. रोपं जे घेतात ते ही सोडतात." त्यांनी भुवया आक्रसल्या. "एकाच जाळीत दोन्ही ठेवली तर?"

"काकू!"

"विचारतेय फक्त. काही करत नाही." त्यांनी हात वर करून दाखवले. नखं स्वच्छ होती.

मी शिडी लावून वर चढलो. यंत्रावरची धूळ पुसत असताना खालून काकांचा आवाज आला. चहा झाला होता. काकू जागच्या हलल्या नाहीत. फोन दोन्ही हातांत धरून त्या चढत्या रेघेकडे बघत होत्या, ट्रेकडे बघतात तसं, हात न लावता.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने रेघेचं टोक वाकलं आणि खाली घसरलं.

"आली," काकू म्हणाल्या. "दार उघडलं तिने."

मग त्या चहाला गेल्या.